खोलीचं तापमान

कूलरच्या टाकीत पाइप सोडून संघपाल खिडकीशी उभा होता, तेव्हा अकोल्याच्या लॅबमधून साधनाताईंचा फोन आला की कोरी नळी पेटली. "रक्त नाई, काई नाई सर. नुसतं पाणी टाकलं होतं. अन् तुमचं गेट हो म्हणून राहिलं." संघपालने विचारलं, "कोणाले हो म्हणून राहिलं?" "तेच तर मी तुमाले विचारून राहिली," साधनाताई म्हणाल्या. मग दोघंही गप्प बसले. विद्वान माणसं अशा वेळी गप्प बसली की त्याला चिंतन म्हणायची पद्धत आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नीलम ओरडली, "अहो, टाकी भरली! आता काय हॉल भरून राहिले का?" पाणी भिंतीवरून ओघळत सोफ्यापर्यंत आलं होतं. अमरावतीत मे महिन्यात असं पाणी सांडणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेनं पाहतात, तिच्यात दुष्काळ, नगरपालिका आणि संस्कार असं सगळंच असतं. संघपालने पाइप बंद केला, फडकं आणलं, फरशी पुसायला बसला. पण त्याला दचकवलं ते फोननं नव्हे आणि पाण्यानंही नव्हे. कोरी नळी पेटणं म्हणजे त्याच्या कित्येक वर्षांच्या कामाला भोक पडणं. ते ऐकून छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं उलटंच. त्याला हायसं वाटलं. एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला जावं आणि दाराला कुलूप दिसावं, तसं. फरशी पुसता पुसता तो या हायसं वाटण्याकडे पाहत राहिला. ते काही पुसलं जात नव्हतं.

संघपाल अमरावतीच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात डीएनएची गेटं बनवायचा. नातेवाइकांना गेट म्हटलं की बडनेऱ्याचं रेल्वेफाटक आठवायचं, त्यामुळे लग्नकार्यात तो एसटीचं उदाहरण द्यायचा. बाकावर दोन माणसं चिकटून बसली आहेत असं समजा. तिसरा येतो, "जरा सरका न भाऊ" म्हणत कोपऱ्यावर चतकोर टेकतो. मग गाडीच्या प्रत्येक धक्क्यासरशी तो थोडा थोडा आत येतो, आणि तिवसा येईस्तोवर मूळचा माणूस उभा असतो आणि हा खिडकीशी घोरत असतो. डीएनएचे धागे हेच करतात. दोन धाग्यांच्या जोडीत एकाचं टोक जरासं मोकळं ठेवायचं. बाहेरून योग्य तो धागा आला की त्या टोकाला टेकतो आणि आत बसलेल्याला उठवतो. उठलेला पुढच्या बाकावर जातो, तिथल्याला उठवतो. शेवटचा उठला की एक बारीकसा उजेड पडतो. उजेड म्हणजे हो, अंधार म्हणजे नाही. संघपालचं गेट जरा कडक होतं: त्याला एकाच वेळी दोन पाहुणे लागत. सिकलसेलच्या आजारात रक्ताच्या मजकुरातलं एकच अक्षर बदललेलं असतं. ज्याच्याकडे एका पालकाकडून आलेलं धड अक्षर आणि दुसऱ्याकडून आलेलं बदललेलं अक्षर अशी दोन्ही असतात, तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. फक्त त्यानं दुसऱ्या वाहकाशी लग्न केलं तर त्यांच्या पोरांचं कठीण असतं. तेव्हा दोन्ही अक्षरं हजर असली तरच पेटायचं, एक असलं तर नाही, एकही नसलं तर मुळीच नाही, असं ते गेट. दवाखान्यातल्या तपासणीची जागा घ्यायला त्याला अजून बराच अवकाश होता. पण एक दिवस मेळघाटातल्या एखाद्या उपकेंद्रात, कुठल्या मोठ्या यंत्राशिवाय, बोटाच्या रक्तावर ते हो किंवा नाही म्हणेल, अशी संघपालची आशा होती. आणि आशेवर अजून कर लागलेला नाही.

गंमत अशी की संघपालने डीएनए कधी हाताळला नव्हता. त्याचं गेट लॅपटॉपमध्ये राहायचं. धाग्यांची अक्षरं लिहायची, पाण्यात मीठ किती, धागे किती, उकाडा किती ते सांगायचं, आणि कोण कोणाला कधी उठवेल याचं गणित यंत्राकडून सोडवून घ्यायचं. पुष्कळसे रकाने तर आधीच भरलेले यायचे. ते बदलावेत असं त्याच्या मनात कधी आलं नाही. अशा हजारो लुटुपुटीच्या लढाया झाल्यावर जो आराखडा टिके, तो अकोल्याच्या कॉलेजात जीवरसायन शिकवणाऱ्या साधनाताईंकडे जायचा आणि त्या खरे धागे मागवून खऱ्या नळ्यांत घालायच्या. मॉडेलमध्ये त्याचं गेट अतिशय सद्गुणी होतं. बोलावल्याशिवाय बोलत नसे. कोऱ्या नळीत असं शांत बसे, जसं प्रार्थनेला बसलेलं पोर. जानेवारीत साधनाताईंनी पहिल्यांदा खऱ्या नळीत उतरवलं तेव्हाही ते तसंच बसलं होतं आणि संघपालने कॉलेजात पेढे वाटले होते. सहकाऱ्यांनी पेढे खाऊन विचारलं, पोराची नोकरी लागली का?

असं गेट करावं हे त्याच्या डोक्यात कधी आलं, याचं तो सेमिनारमध्ये एक उत्तर द्यायचा आणि मनात दुसरं ठेवायचा. मनातल्या उत्तरात एक कढत वीट होती. वीट चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून त्याची आई पंचफुला त्याच्या धाकट्या बहिणीचे, सुभद्राचे, गुडघे शेकायची. सुभद्रा हसरी पोर, पण तिचे सांधे अचानक असे दुखायचे की ती अंथरुणात वाकडी व्हायची आणि घरातली माणसं दाराबाहेर उभी राहून आवाज थांबायची वाट पाहायची. संघपालला त्या विटेचा वास अजून यायचा, जळक्या सुती कापडाचा. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून जाताना तो उगाच पावलं उचलायचा. सुभद्रा शाळेचं तोंड पाहून, दोन-चार कविता पाठ करून गेली, आणि गेल्यावर कधीतरी एका डॉक्टरनं त्या दुखण्याचं नाव सांगितलं. आईनं विचारलं, "म्या काय खाल्लं होतं साहेब, तिच्या वक्ताले?" वडील बुधाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, फारसे बोलत नसत, तेही हळूच म्हणाले, "का माह्या तंबाखूनं झालं?" डॉक्टर म्हणाला, एकट्यानं नाही होत बाबा, दोघांकडून यावं लागते. संघपाल त्या वेळी दाराशी होता. दोघांकडून. आईनं आणि बापानं तेव्हा एकमेकांकडे जसं पाहिलं, तसं त्यांनी पुढे कधी पाहिलं नाही: अर्धा अर्धा दोष वाटून घेतल्यासारखं, आणि कुणालाच पुरा न मिळाल्याचं दुःख झाल्यासारखं. पुढे तर्कशास्त्राच्या तासाला दोन्ही हो तरच हो असं कोष्टक फळ्यावर आलं, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. संघपालला ते आधीपासून पाठ होतं.

म्हणूनच त्यानं स्वतःच्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहण्याआधी तिची रक्ततपासणी मागितली. तो स्वतः वाहक निघालाच होता. त्या काळात हे मागणं म्हणजे समाजात बोंब. अचलपूरचे भावी सासरे म्हणाले, "रक्त मागते म्हणजे, नवरदेव हाय का मच्छर?" पण मुलगी स्वतःच जाऊन रक्त देऊन आली. ती नीलम. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि संघपालने हो म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी भांडण रंगात आलं की नीलम हे काढायचीच: "मी काई रूपावर नाई आली या घरात. रिपोर्टवर आली." आणि ते खरंच होतं. पुढे दीक्षा झाली. ती बापावर गेली: चेहऱ्यानं, चष्म्यानं आणि रक्तानंही. अर्धी. पण अर्ध्याला काही होत नाही, हे संघपाल जाणून होता. फक्त दुसरा अर्धा भेटायला नको.

दीक्षा अकोल्याला बँकेत लागली. मागच्या आठवड्यात ती घरी आली, आणि आमरसाची वाटी हातात असताना म्हणाली, "बाबा, देवानंद म्हणून हाय. साधना मॅडमच्या लॅबमध्ये संशोधन करते. आमी लग्न करायचं म्हणून राहिलो." नीलमनं पोळी तव्यावर करपू दिली. संघपालच्या जिभेवर एकच प्रश्न आला. पण जिभेवर रस होता, आणि पोरीच्या तोंडावर असं काही होतं की त्यानं तो प्रश्न गिळून विचारलं, "गाव कोणतं?" दीक्षा म्हणाली, "मूर्तिजापूर." मग ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, आणखी काही विचारायचं असेल तर विचारा, अशी. संघपालने आणखी रस मागितला. त्यानंतर दोनच दिवसांनी साधनाताईंनी फोनवर नळ्यांचा फोटो पाठवला. खऱ्या रक्तावरची पहिली चाचणी, भल्या पहाटे केलेली. साधनाताईंचं स्वतःचं रक्त, अंधार. दुसरी नळी, लख्ख उजेड. खाली लिहिलं होतं: "हे आपल्या देवानंदचं. लॅबमध्ये लॅबवाल्यांचंच रक्त स्वस्त पडते!" पुढे हसणारी दोन तोंडं. संघपालने तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला, ते त्याचं त्यालाच माहीत. त्याचं गेट आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या माणसाबद्दल खरं बोललं होतं आणि तो माणूस त्याच्या पोरीचा होता. तेव्हापासून त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. नीलमला नाही, दीक्षाला तर नाहीच. गेट बरोबर निघावं ही त्याची सगळी उमर. गेट चुकावं ही त्याची आताची इच्छा. एकीकडून पोरीचा बाप, दुसरीकडून गेटचा बाप. कोणीही हरलं तरी पोर त्याचंच हरणार होतं. आणि आज कोरी नळी पेटली होती. म्हणजे गेट पाण्यालाही वाहक म्हणत होतं. म्हणजे देवानंद सुटला. निदान सुटला असावा. फरशी कोरडी झाली होती. "अकोल्याले जाऊन येतो," तो नीलमला म्हणाला. "या उन्हात?" "नळी पेटली." नीलमनं त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि ऊन लागू नये म्हणून एक कांदा टाकला. नळीबद्दल तिनं काही विचारलं नाही. घरात विज्ञान असलं की माणूस विचारायचं सोडून देतो.

एसटीत त्याला कडेची जागा मिळाली. बडनेऱ्याला गाडी भरली आणि एक पागोटेवाले बाबा "सरका न मास्तर" म्हणून त्याच्या बाकावर चतकोर टेकले. संघपालला हसू आलं. धागा आला, त्याच्या मनात आलं. खिडकीतून आत येणारी हवा हवा नव्हती, भट्टीचं दार होतं. "खिडकी लावा हो, वाफ येऊन राहिली," मागून कुणी ओरडलं. खिडकी लावली तर दम कोंडला. "उघडा हो, जीव जाते," त्याच आवाजानं सांगितलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे सगळी गाडी उकाड्यानं ढिली पडली. माना लोंबल्या, हात मांडीवरून घसरले. समोरच्या बाकावर कडेला बसलेला एक जाडजूड माणूस झोपेत विरघळत विरघळत असा सैल झाला, की कुणी धक्का न देता, कुणी सरका न म्हणता, अलगद घसरून खाली गाडीच्या वाटेत बसला. जागा मोकळी झाली. गाडी हसली. "कोनं ढकललं रे मले?" तो माणूस म्हणाला. कुणीच ढकललं नव्हतं. संघपालही हसला, पण त्याचं हसू मध्येच अडकलं. आपल्याला काहीतरी दाखवलं जातंय आणि आपल्याला ते दिसत नाही, असं त्याला वाटलं. मूर्तिजापूरचा स्टँड आला. इथलाच तो पोरगा, त्याच्या मनात आलं. इथल्याच कुठल्यातरी घरात कुणाच्या तरी आईनं वीट तापवली असेल का? त्यानं मान फिरवली आणि देवानंदचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. लॅबमध्ये तो दोन-तीनदा तरी दिसला असणार. चेहरा आठवेना. नळी मात्र लख्ख आठवत होती.

साधनाताईंची लॅब दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याच्या छताखाली. भिंतीत जिथं एसी होता तिथं आता चौकोनी भोक होतं आणि त्यावर पुठ्ठा चिकटवला होता. मार्चमध्ये कॉलेज तपासायला समिती आली, तेव्हा तो एसी प्राचार्यांच्या दालनात नेऊन बसवला. समिती गेली, एसी राहिला. बदल्यात लॅबला समितीचं एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते पुठ्ठ्याच्या वर टांगलं होतं. "बसा सर," साधनाताई पदरानं वारा घेत म्हणाल्या. त्या संघपालच्याच वयाच्या, मोठ्यानं बोलणाऱ्या, आणि नळीतला थेंब मात्र श्वास रोखून सोडणाऱ्या. "पुन्हा केलं. पुन्हा तेच. कोरी पेटते, माही पेटते, देवानंदची पेटते. सगळे वाहक! या हिशेबानं तर नळाचं पाणी बी लग्नाले नाई चालत." कोपऱ्यात गळ्याला ओला टॉवेल गुंडाळलेला एक उंच पोरगा उजेड मोजायच्या मशीनमध्ये नळ्या मांडत होता. तो नमस्कार म्हणाला. संघपालने नमस्कार केला आणि लगेच लॅपटॉप उघडला. त्याला त्या पोराकडे पाहायचं नव्हतं; आणि आपण पाहत नाही हे त्या पोराला कळतंय, असंही त्याला वाटत होतं. "मशीन आतून किती गरम हाय?" त्यानं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. "त्रेचाळीस," साधनाताई म्हणाल्या. "ते गरम करता येते, गार नाई करता येत. जशी खोली तसं मशीन."

जशी खोली. संघपालने पडद्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात, जिथं तो कधीच पाहत नसे, आधीच भरून आलेला तो रकाना होता: खोलीचं तापमान, पंचवीस अंश. तो बघत राहिला. पंचवीस. ही कोणाची खोली? कुठल्या देशातली? तो वऱ्हाडात जन्मला, वऱ्हाडात वाढला. उन्हाळ्यात गच्चीवर चादर ओली करून झोपला. दुपारी दारं लावून अंधारात बसला. कूलरला वाळा बांधला, खिशात कांदा ठेवला. आणि रोज सकाळी कूलरची टाकी भरून, घामाची बोटं पुसून, हाच माणूस लॅपटॉपसमोर बसून बिनदिक्कत पंचवीस अंशांच्या खोलीत जायचा. कुणी त्याला फसवलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, खोलीचं तापमान पंचवीस. आणि पुस्तकात लिहिलेली खोली हीच खरी खोली, आपली ती नुसती राहायची, असं त्यानं कधी ठरवलंही नव्हतं. ते ठरलेलंच होतं. त्याला एसटीतला जाडा माणूस आठवला, कुणी न ढकलता घसरलेला. उकाड्यात धाग्यांची टोकं उसवतात. पाहुणा आला नाही तरी बसलेला आपोआप सैल होतो, सुटतो, पुढच्याला उठवतो, आणि उजेड पडतो. जानेवारीत अकोल्याची ही खोली योगायोगानं पुस्तकातल्या खोलीइतकी गार होती, एवढंच. त्यानं पंचवीस पुसले, त्रेचाळीस लिहिले. पंख्याचा गरम वारा घेत सगळे थांबले. मॉडेलमधली कोरी नळी हळूहळू, हट्टी पोरासारखी, पेटली. "आरं!" साधनाताई म्हणाल्या. संघपालच्या अंगातून एक लहर गेली, आनंदाचीच. मॉडेल खोटं नव्हतं. त्यानंच मॉडेलला आपला पत्ता चुकीचा दिला होता. आणि मग तो आनंद पायरी चुकल्यासारखा खाली आला. कारण गेट जर गारव्यात खरं बोलतं, तर ते गारव्यात विचारावं लागणार होतं. पुन्हा. आणि मागच्या आठवड्यातली चाचणी भल्या पहाटेच्या, त्यातल्या त्यात गार खोलीतली होती; ती खोटीच होती असं आता कुणी म्हणू शकत नव्हतं.

तो म्हणू शकला असता, राहू द्या, आराखडा बदलून पाठवतो, पावसाळ्यात पाहू. तोंडापर्यंत आलंही होतं. पण साधनाताईंनी मशीनची वायर केव्हाच काढली होती. "सर, आपला एसी कुठं हाय माहीत हाय न?" प्राचार्य शेंदूरजनाघाटला लग्नाला गेले होते. दालनाची किल्ली भगवंतराव शिपायाकडे. भगवंतराव म्हणाले, "साहेबाच्या खोलीत प्रयोग? रक्ताचा? नाई बाप्पा." मग आत कूलरवाली नाही, एसीवाली हवा आहे आणि तुम्हालाही बसता येईल, हे ध्यानात येऊन म्हणाले, "जोडे मात्र बाहेर काढा." अशा रीतीनं देवानंदनं मशीन छातीशी धरून आणलं आणि ते प्राचार्यांच्या काचेच्या टेबलावर, पुष्पगुच्छाच्या शेजारी बसलं. जुने धागे फेकून नवे घातले. खोली उतरत उतरत पुस्तकातल्या खोलीपर्यंत आली. घाम वाळला. संघपालच्या अंगावर काटा आला, आणि तो गारव्याचा आहे असं त्यानं स्वतःला सांगितलं. कोरी नळी: अंधार. थांबले, आणखी थांबले. अंधारच. साधनाताईंची नळी: अंधार. तिसरी. ती आधी काहीच करेना. संघपालने आयुष्यात कधी कुठल्या देवाला हात जोडले नव्हते. आता त्यानं ते खिशात घातले. मग ती पेटली. सावकाश, स्थिर, जशी त्यानं तिला शिकवली होती तशी. साधनाताईंनी टाळ्या वाजवल्या. "सर, गेट खरं हाय तुमचं!" भगवंतरावांनी विचारलं, "पास का साहेब?" "पास," संघपाल म्हणाला. त्याचा आवाज बुधाजींसारखा हळू, कुठून तरी जिनिंगच्या बाजूनं आला. डॉक्टरचं ते वाक्य त्याला आठवलं: एकट्यानं नाही होत बाबा.

दार ढकलून दीक्षा आली, हातात मठ्ठ्याची बरणी. दुपारच्या सुट्टीत बँकेतून आली होती. बाबा आल्याचं तिला कोणी कळवलं असेल ते उघड होतं. "लागली का?" तिनं विचारलं. "कोरी नाई लागली. माही लागली," देवानंद म्हणाला. म्हणाला तो असा, जशी गाडी वेळेवर लागली. संघपालने पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड वळवलं. "तुमची लागली, म्हणजे काय ते माहीत हाय न तुमाले?" "हो सर. लागनारच होती. होकाराचा एक नमुना पाह्यजे न. ज्याचं पक्कं माहीत हाय, त्याचंच रक्त टाका लागते. माह्यं शाळेतच निघालं होतं, शिबिरात." साधनाताई म्हणाल्या, "मी लिहिलं नव्हतं का सर तुमाले? मले वाटलं, तुमाले समजलं." संघपाल प्राचार्यांच्या खुर्चीत बसला; दुसरी जवळ नव्हती. लुटुपुटीच्या हजारो लढायांत होकाराचा नमुना तो एका आकड्यानं टाकायचा. तो आकडा कुणाच्या तरी दंडातून येतो, हे त्याच्या मॉडेलमध्ये नव्हतं. साधनाताईंनी भगवंतरावांना ग्लास आणायच्या निमित्तानं बाहेर नेलं, देवानंद मशीन उचलून व्हरांड्यात गेला, आणि दालनात बाप-लेक आणि एसी राहिले.

"तुले माहीत होतं?" संघपालने विचारलं.

"पह्यल्याच दिवशी. आपल्यात पत्रिका कोण पाह्यते बाबा? आता हेच पाह्यतेत."

"मग मले कावून नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं का? मी तं वाट पाहून राहिली होती. तुमी गाव विचारलं. मग रस मागितला."

"दीक्षा, चारातून एक..."

"चारातून एकाले तो आजार, दर खेपेला. माहीत हाय. नागपूरले डॉक्टरले भेटून आलो आमी दोघं. आधीच तपासता येते. नाईतर दत्तक घेऊ. नाईतर नाईच. अजून ठरलं नाई. ठरवू."

"तुले सुभद्रा आत्याचं माहीत नाई. तू पाह्यलं नाई ते."

"आजीनं सगळं सांगितलं होतं मले. विटेचं बी. तुमाले नव्हती सांगत ती. म्हणे, तो लगेच कागद काढून समजावते." दीक्षाने बरणीच्या झाकणात मठ्ठा ओतून त्याच्यापुढे ठेवला. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. "बाबा, तुमी आईचा रिपोर्ट पाहूनच हो म्हटलं होतं न?"

"हो."

"म्या बी रिपोर्ट पाहूनच म्हटलं."

संघपालने मठ्ठा प्यायला. त्यात हिंग जास्त होता, पंचफुलाच्या हातचा असायचा तसा. दोन्ही हो तरच हो. हे त्याला पाठ होतं. पण हे दोघं आपापला होकार माहीत असून, डोळे उघडे ठेवून, त्या कोष्टकासमोर उभे होते, आणि कोष्टकाला पुढे विचारायला काही उरलं नव्हतं. आपण अजून काही बोललं पाहिजे, नाही म्हटलं पाहिजे किंवा हो म्हटलं पाहिजे, असं त्याला वाटलं. मग वाटलं, आपल्याला कुणी विचारलेलं नाही. न विचारता बोलणाऱ्या नळीचं काय होतं ते त्यानं आज पाहिलं होतं. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथं बराच वेळ राहिला. ती बँकेत जायला निघाली तेव्हा म्हणाली, "आईले तुमीच सांगा. मी सांगतलं तं रडते."

तो बाहेर व्हरांड्यात आला. ऊन अंगावर लाटेसारखं आलं आणि चष्म्यावर वाफ धरली. नीलमला फोन लावला. देवानंदची नळी पेटली, असं तो सांगायला लागला, दोघांचंही तेच आहे, चारातून एक, डॉक्टरला भेटलेत, पोरीला सगळं ठाऊक आहे. नीलम ऐकत राहिली. मग तिकडून कूलरचा आवाज आला आणि ती म्हणाली, "रक्ताचं समजलं. पोरगा कसा हाय ते सांगा."

कित्येक दिवस तो त्या पोराच्या नळीकडे पाहत होता. त्यानं चष्मा पुसला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. देवानंद आता मशीन छातीशी धरून लॅबचा उघडा, उन्हातला जिना चढत होता, मशीनवर ओला टॉवेल पसरलेला, एकेक पायरी पायानं चाचपून.

"उंच हाय," संघपाल म्हणाला. "हात स्थिर हाय त्याचा."

"अन्?"

"अन् टॉवेल मशीनवर टाकला त्यानं. स्वतःच्या डोक्याले काई बांधलं नाई."

"मग तुमी काय पाहून राहिले तिथं?" नीलम म्हणाली. "त्याले सांगा न, डोक्याले काई बांध म्हणून."

संघपालने फोन खिशात ठेवला, पिशवीतला कांदा काढला आणि जिन्याकडे निघाला.